डोक्यातली बाई

"हे काय आहे?" खांबेटेबाईंनी विचारलं.

"छत्री," मी म्हटलं.

"आणि हे?"

"कुकर. शिट्टी काढलेली दिसतेय, तेवढी लावून घ्या."

पडद्यामागे कुणीतरी हसलं. पडदा म्हणजे माझ्या कपाळाच्या वर ताणलेलं हिरवं कापड, आणि त्याच्या पलीकडे डॉक्टर पारसनीस माझं डोकं उघडून उभे होते. हे बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. डाव्या कानाच्या वरचा कवटीचा तुकडा त्यांनी खरोखर काढून बाजूला ठेवला होता आणि मी टक्क जागी होते. मेंदूला म्हणे दुखत नाही, कातडी बधिर केली की झालं. पहिल्यांदा मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, डॉक्टर, चेष्टेला दुसरं कुणी मिळालं नाही का आज?

पण ते चेष्टा करत नव्हते. कापायची जागा बोलण्याच्या जागेला खेटून होती. म्हणून पेशंटला बोलतं ठेवायचं आणि बारीक सळईनं मेंदूला जागोजागी विजेचा हलका स्पर्श करत जायचं. बोलता बोलता शब्द अडला, की तिथं चाकू लावायचा नाही. चित्रं दाखवून मला बोलतं ठेवायचं काम खांबेटेबाईंकडे होतं. आणि उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टर येमूल होत्या, सोलापूरच्या, तरुण, गोड बोलणाऱ्या. त्या दर थोड्या वेळानं माझ्या गालाला हात लावून विचारायच्या, "ठीक ना, करुणाताई?"

याला आता पंधराएक वर्षं झाली. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली, संगमनेरला पोळी-भाजी केंद्र चालवणारी, तोंडानं फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध. घरात मी आणि आई, दोघीच. आई सरकारी दवाखान्यातली नर्स, रिटायर झालेली. तिला अख्खं गाव मार्थासिस्टर म्हणायचं, चर्चमध्येसुद्धा आणि बाजारातसुद्धा. वडील मी अगदी लहान असताना धरणाच्या कामावर अपघातात गेले, असं आईनं सांगितलेलं. त्यांचा एक फोटोही नव्हता. मीही कधी फार खोदून विचारलं नाही, कारण विचारलं की आई दिवसभर बोलायची नाही.

मला लहानपणापासून फिट यायची. धाडकन पडायचं, तोंडाला फेस, तसली नाही. आधी एक बाई बोलायची. कानात नाही, डोक्यातच. घाईघाईनं, धाप लागल्यावर बोलतात तशी, आणि शब्द एकही कळायचा नाही. मग मी दोन-तीन मिनिटं कुठंतरी निघून जायचे. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही. हातातलं पडायचं, ओठ नुसते चावल्यासारखे हलायचे. भानावर आले की भोवती माणसं जमलेली. दोन ठिकाणी लग्न ठरलं आणि दोन्ही ठिकाणी याच पायी मोडलं. गोळ्या सगळ्या खाऊन झाल्या. त्या वर्षी मात्र फिट वाढल्या, आणि एके दिवशी तळणीच्या कढईत मनगटापर्यंत हात गेला. बाई बोलत होती, मी ऐकत होते, आणि हात तेलात होता.

खांबेटेबाईंकडे मी त्याआधी तीन वर्षं जात होते. नाशिकला, एक गुरुवार सोडून एक, एसटीनं. त्या मनोविश्लेषण करायच्या. म्हणजे मी कोचावर आडवं पडायचं, मनात येईल ते बोलायचं आणि त्यांनी मागं बसून "हं" म्हणायचं. मी एकदा त्यांना म्हटलंही, बाई, एवढं "हं" तर आमची मांजर फुकटात म्हणते. त्या हसल्या, आणि पुन्हा "हं" म्हणाल्या. पण एका गोष्टीवर त्या ठाम होत्या. ही बाई उगाच बोलत नाही, तिला तुम्हाला काही सांगायचंय, आणि ते काय ते कळण्याआधी तिला हुसकावू नका.

पारसनीसांनी स्कॅन बघितला आणि निकालच लावला. डाव्या बाजूला मेंदूवर जुना डाग आहे, जखम भरल्यावर राहतो तसा. तिथून वीज उसळते. कुणाला फिटमध्ये जळका वास येतो, कुणाला गाणं ऐकू येतं, तुम्हाला बाई ऐकू येते. स्टेशन न लागलेला रेडिओ खरखरतो ना, त्यापलीकडे तिला अर्थ नाही. डाग काढला की फिट थांबतील आणि बाईही जाईल.

मी एकीचा निरोप दुसऱ्याला सांगायचे आणि दोघंही माझ्यासमोर नाक मुरडायचे. खांबेटेबाई म्हणायच्या, त्यांना मेंदू दिसतो, माणूस दिसत नाही. पारसनीस म्हणायचे, तुमच्या बाईंना विचारा, मन दाखवा म्हणावं कुठल्या स्कॅनमध्ये ते. भांडण त्यांचं, डोकं माझं.

हात भाजल्यावर मी ठरवलं, पुरे झालं. खांबेटेबाईंना तोंडावर सांगितलं, मी ऑपरेशन करून घेतेय, तुमचं "हं" राहू द्या. मला वाटलं चिडतील. त्यांनी विचारलं, "मी आत येऊ का?" आणि पारसनीसही चक्क हो म्हणाले. पेशंटला जिच्याशी बोलायची सवय आहे तीच समोर हवी, त्यात त्या मानसशास्त्राच्या डॉक्टर, चाचणी त्यांना घेता येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरं सांगते, मला वाईट वाटत होतं. फिट जाणार याचा आनंद होताच. पण ती बाई मला आठवतंय तेव्हापासून माझ्याबरोबर होती. लग्न मोडलं तेव्हा ती होती, केंद्राआधीची नोकरी गेली तेव्हा होती. तिचा एक शब्द मला कळत नव्हता, तरी ती बोलते ते माझ्याशीच, दुसऱ्या कुणाशी नाही, हे मला पक्कं माहीत होतं. अशी किती माणसं असतात आपल्याला?

आईला मात्र घाई झाली होती. लहानपणी फिटमधून बाहेर येताना मी त्या बाईसारखं काहीतरी पुटपुटायचे, तर आई माझ्या तोंडावर हात दाबायची आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. ती बाई म्हणजे सैतानाचं काम, हे तिचं मत. पारसनीसांनी तिला दोनच प्रश्न विचारले. लहानपणी डोक्याला मार लागला होता का? आई म्हणाली, पाळण्यातून पडली होती. आणि दुसरा, घरात मराठी सोडून दुसरी कुठली भाषा? अगदी तान्हेपणी कानावर पडलेली चालेल, पण असेल तर आधी सांगा, कारण तिची जागा मेंदूत वेगळी असू शकते आणि मग तीही तपासावी लागते.

"मराठीच," आई म्हणाली. "दुसरी कुठून येणार?"

म्हणून खांबेटेबाई मराठीत विचारत होत्या आणि मी मराठीत उत्तरं देत होते. कात्री. विळी. गवळण. ती गवळण दुधात पाणी घालणाऱ्यांपैकी वाटते, असंही मी सांगितलं. मग पारसनीस म्हणाले, आता थोडं खाली जातोय, आकडे म्हणत राहा. मी एकपासून सुरुवात केली. बाराच्या आसपास ती आली.

पण नेहमीसारखी नाही. नेहमी ती येते आणि मला घेऊन जाते. या वेळी मी इथंच होते, दिवा दिसत होता, खांबेटेबाईंच्या चष्म्यावरचा डाग दिसत होता, आणि ती बोलत होती. हळू नाही, पण एकेक शब्द सुटा. सळई उचलली की गप्प. सळई टेकली की पुन्हा तेच, तिथूनच.

"आली," मी म्हटलं. "बाई आली."

"काय म्हणते?" खांबेटेबाई पुढं वाकल्या. "जसं ऐकू येतं तसं म्हणा. अर्थ नाही लागला तरी चालेल."

मी म्हटलं. आधी अडखळत, मग सरळ. "ना चेय्यि विडवकु, तल्ली. ना चेय्यि विडवकु."

माझ्या गालावर डॉक्टर येमूलांचा हात होता. तो थांबला. मग त्यांनी काढूनच घेतला.

"परत म्हणा, ताई," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं. पारसनीसांनी पडद्यामागून विचारलं, काय चाललंय, बोलण्यात घोटाळा होतोय का? सळई हातात, काही अडलं तर सांगा.

"घोटाळा नाही, सर," येमूल म्हणाल्या. "ही तेलुगू आहे. आमच्या घरी हीच बोलतात."

 मशीन तेवढं टुकटुक करत होतं. मला तेलुगू येत नाही. मी तेलुगू माणूस जवळून पाहिलेला तो त्या दिवशी पहिला, येमूलबाईच.  खांबेटेबाईंच्या हातातलं चित्रांचं बंडल खाली ठेवलं गेलं आणि त्यांनी येमूलांकडे बघून विचारलं, अर्थ काय?

"आत्ता नको," पारसनीस म्हणाले. "पेशंट जागा आहे. नंतर."

"पेशंट जागा आहे म्हणूनच," मी म्हटलं. "डोकं माझं उघडलंय ना? मग मला सांगा."

येमूलांनी मान वर करून पारसनीसांकडे पाहिलं असणार. मग त्या माझ्या कानाजवळ आल्या.

"'माझा हात सोडू नकोस, बाळ.' असं म्हणतेय ती."

मला रडू आलं नाही. मी इतकी हबकले होते की रडायचंसुद्धा सुचलं नाही. चाळीस वर्षं जी नुसती खरखर होती ती मला बाळ म्हणत होती. आणि कुठल्यातरी भाषेत, जी माझ्या घरात कधीच नव्हती.

पारसनीस पडद्याच्या कडेनं माझ्यासमोर येऊन वाकले. नुसते डोळे दिसत होते त्यांचे, पण डोळे घाबरलेले होते. आवाज मात्र शांत ठेवला होता. म्हणाले, "करुणाताई, मी याला गोंगाट म्हटलं होतं. तो गोंगाट नव्हता. आता ऐका. ही जागा आणि डागाची जागा एकच आहे. बोलणं तिथं अडत नाही, मराठी सगळी शाबूत आहे. मी डाग काढू शकतो. काढला तर फिट जातील आणि हे पुन्हा ऐकू येणार नाही. नाही म्हणालात तर आहे तसं बंद करतो. कुणी काही म्हणणार नाही."

"विचार करायला किती वेळ?"

"फार नाही देता येणार."

मी खांबेटेबाईंकडे पाहिलं. म्हटलं, बोला आता. तीन वर्षं म्हणत होतात ना, तिला काही सांगायचंय म्हणून. सांगितलं तिनं. आता काय करू? त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "हे मी नाही सांगू शकत." मला असा राग आला. सगळी वर्षं "हं", आणि ऐन वेळी हे.

रागानंच असेल, पण डोकं ताळ्यावर आलं. ती कोण होती ते मला माहीत नव्हतं. पण तिनं माझा हात धरला होता, इतका घट्ट, की तिच्या धरण्यानं मी भर रस्त्यात भान हरपत होते, तेलात भाजत होते. कधीतरी एका फिटमध्ये मी मेलेच असते, आणि ती मात्र म्हणत राहिली असती, सोडू नकोस.

"एकदा परत लावा ती सळई," मी म्हटलं. "एकदाच."

त्यांनी लावली. मी डोळे मिटून ऐकलं. मग म्हटलं, "काढा."

ते काढत असताना मी चित्रांची नावं सांगत होते. घर. होडी. पेरू. आवाज माझा मलाच परका वाटत होता. कधी ती गेली ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आईला माझ्या खोलीत सोडलं. डोक्याला बँडेज, एक डोळा सुजून बंद, अशी मी पडले होते. आई खुर्चीवर बसली आणि उजवा हात पदराखाली घेतला. तो हात ती कायम असाच लपवायची. त्याची बोटं आत वळलेली असायची, मूठ आवळल्यासारखी, उघडायची नाहीत. त्या हातापायी तिला वेळेआधी नोकरी सोडावी लागली होती, इंजेक्शन धरता येईना. नगर, पुणे, मिरज, सगळीकडे दाखवून झालं. एक्सरे चांगला, नसा चांगल्या, तरी हात उघडेना. खांबेटेबाईंना तिच्याबद्दल कुतूहल होतं. एकदाच आई माझ्याबरोबर गेली होती तेव्हा त्यांनी विचारलं, हे कधीपासून? आई चहा अर्धा टाकून उठून गेली होती.

आईनं पहिलं काय विचारलं असेल? दुखतंय का, नाही. जेवलीस का, नाही.

"गेली का ती?" आई म्हणाली.

"गेली. पण जाताना काय म्हणते ते कळलं."

मी ते शब्द म्हटले. आईचा चेहरा बघता बघता उतरला. ती उठेल आणि निघून जाईल असं मला वाटलं, पण ती बसूनच राहिली. मग मी तेलुगू डॉक्टरबाईंनी सांगितलेला अर्थही सांगितला आणि सरळ विचारलं, आई, ही कोण?

आईनं वळलेला हात मांडीवर घट्ट धरला. मग खाली बघून, कुणाला तरी रिपोर्ट द्यावा तसं सांगत गेली. ती तेव्हा धरणाच्या वसाहतीतल्या दवाखान्यात होती, लग्न झालेलं नव्हतं. खोदकामाला लांबून मजूर यायचे, तेलंगणातले. त्यांचा एक ट्रक कालव्यात कलंडला. आई तिथून जवळच होती, पहिली तीच पोहोचली. बहुतेक माणसं खाली दबलेली. एक बाई फळ्यांमध्ये कमरेपर्यंत अडकलेली, पाणी छातीला लागलेलं, आणि तिच्या हातात एका पोरीचा हात. पोरीचं डोकं डाव्या बाजूनं फुटलेलं, रक्त थांबत नव्हतं.

"ती पोर म्हणजे मी."

"हो."

 सत्तरी ओलांडलेली ही बाई माझ्यासमोर बसली होती, जिच्या हातचं मी खाल्लं, जिचा मार खाल्ला, जिचं आडनाव लावलं, आणि ती मला सांगत होती की मी तिची नाही. मला कान झाकून घ्यावेत असं झालं. आणि तरीही मला पुढचं ऐकायचं होतं.

"ती हात सोडेना," आई म्हणाली. "ट्रक सरकत होता. मी ओरडले, सोड, पोर मरेल. तिला मराठी येत नव्हतं. ती तुला सारखी काहीतरी सांगत होती, तेच, तू म्हणालीस ते. मग मी तिची बोटं सोडवली, करुणा. एकेक करून, माझ्या या हातानं. तू सुटलीस. तेव्हा तिनं तुझ्याकडं बघायचं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. दोनदा काहीतरी म्हणाली. दोनच शब्द. मी तुला घेऊन वर पळाले. तुला खाली ठेवून परत आले तर तिथं ट्रक नव्हता. पाणीच होतं."

कुणी नातेवाईक विचारायला आलंच नाही. पोर मिशनच्या अनाथाश्रमात पाठवायचं ठरत होतं. आई म्हणाली राहू दे माझ्याकडं, आणि बदली मागून घेतली. नव्या गावात ती विधवा झाली आणि मी तिची मुलगी.

"तिनं मला शाप दिला असणार," आई म्हणाली. "पोर तोडली ना मी तिची. तू फिटमध्ये बडबडायचीस ती तिच्याच आवाजात. मला वाटायचं, हिच्या तोंडून तीच बोलतेय, आता पुढं ते दोन शब्द पण येणार. म्हणून तोंड दाबायचे मी तुझं. तुझी तर काढली डॉक्टरांनी. माझी रोज बोलते. मला फिट नाही, डोक्याला मार नाही. माझी कुठून काढतील?"

त्याच वेळी डॉक्टर येमूल मला बघायला आत आल्या. वाईट वेळेला आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. त्या परत फिरत होत्या, पण आई उठून उभी राहिली. तिनं त्यांना विचारलं, तुम्हीच का त्या तेलुगूवाल्या? आणि उत्तराची वाट न बघता, जे आयुष्यात कधी कुणापुढं उच्चारलं नव्हतं ते म्हणाली.

"नन्नू गूडा. नन्नू गूडा, असं दोनदा. काय अर्थ होतो त्याचा?"

येमूलांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. विचारलं, हे कुणी म्हटलं? मी म्हटलं, कालव्यात बुडताना, मला हिच्या हाती देताना, माझ्या आईनं. तोंडातून 'माझ्या आईनं' निघून गेलं आणि मग लक्षात आलं की त्या खोलीत कुणाला काय म्हणायचं तेच आता मला ठाऊक नाही.

"शाप आहे का?" आईनं विचारलं. "खरं सांगा. म्हातारी आहे म्हणून लपवू नका."

"नाही हो, सिस्टर," येमूल म्हणाल्या. त्यांनी आईचा वळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "'हिला सांभाळ.' असं म्हणाल्या त्या तुम्हाला. 'हिला सांभाळ.'"

आई मटकन खाली बसली आणि रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लहान पोर रडतं तशी, नाक-डोळे पुसायचं भान नसलेली. रडून झाल्यावर तिथंच खुर्चीत तिला झोप लागली, आणि मी एका डोळ्यानं तिच्याकडे बघत पडून राहिले. माझा राग होता, नाही असं नाही. तो पुढं वर्षभर राहिला. पण त्या दिवशी तिला उठवायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर मला फिट आली नाही. आणि आईचा हात सुटला. एकदम नाही. आधी चमचा धरता यायला लागला, मग वेणी घालता यायला लागली माझी, म्हातारपणी मेलीला तोच सोस. पारसनीसांना सांगितलं तर म्हणाले, योगायोग, वयानं स्नायू सैल पडतात. खांबेटेबाईंना सांगितलं तर त्या गप्प बसल्या. "हं"सुद्धा म्हणाल्या नाहीत. मीच त्यांना म्हटलं, बघा, माझं मनाचं दुखणं चाकूनं गेलं आणि आईचं हाताचं दुखणं दोन शब्दांनी गेलं. तुम्ही दोघं बसून काय तो हिशोब लावा.

आई या वर्षीच गेली. झोपेत गेली, दोन्ही हात उघडे पसरून. दफनविधी आटोपल्यावर कुणाकुणाला कळवायचं म्हणून मी फोन करत होते, त्यात येमूलांनाही केला. त्या आता हैदराबादला असतात. मी सांगितलं, डॉक्टर, आई शेवटची सगळी वर्षं शांत झोपली, ती तुमच्यामुळं.  

"करुणाताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या आई आता नाहीत म्हणून सांगते. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"कशाबद्दल?"

"सिस्टरांनी विचारलेले ते दोन शब्द म्हणजे 'हिला सांभाळ' नव्हे. 'मला पण.' मलाही बाहेर काढ, असं म्हणत होत्या त्या."

फोन कधी ठेवला ते मला आठवत नाही. घरात चर्चमधल्या बायका होत्या, कुणी चहा ठेवला होता, कुणी आईच्या साड्या आवरत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि जरा वेळानं मला ऐकू आलं. दोनच शब्द, दोनदा.

तेव्हापासून रोज येतात. फिट नाही, चक्कर नाही, हातातलं काही पडत नाही. मी पोळ्या लाटत असते आणि येतात. मागच्या महिन्यात पारसनीसांकडे जाऊन स्कॅन करून आले. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, काही नाही, एकदम स्वच्छ आहे. मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. कालव्यातल्या त्या बाईचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकलाय, कुठंही ओळखीन. हा तिचा नाही. ते दोन शब्द मी एकदाच, एकाच माणसाच्या तोंडून ऐकले होते, आणि आवाज तिचाच आहे. माझ्या आईचा.